अर्धी वीत

रबाळ्याच्या एमआयडीसीत, हाशा भोइराच्या गाळ्यात,
तीन वर्षांचे रविवार जोडून
मी दोन माणसांची एक गाडी उभी केली.
इंजिन ओम्नीचं,
बाकी सगळं चौकोनी नळी आणि हट्ट.
स्पोर्ट्स कार हा शब्द मी हळूच उच्चारतो.
हाशा मोठ्यानं उच्चारतो, गिऱ्हाइकांसमोर.

मधून जातो बोगदा.
बोगद्यातून प्रॉपशाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत,
दोन्ही टोकांना क्रॉस,
मागच्या फ्लँजला चार बोल्ट.
ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून मी ते सगळं झाकलं.
एकशे बारा रिवेट.
शेवटचा मारला, मागे सरकून पाहिलं:
कुठे एक सुरकुती नाही.

हाशानं पत्र्यावर टकटक केलं.
"गारी बरी हाय. पन हात कुटशी घालशील?"

आणि हे विचारलं कुणाला, तर मला!
अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला,
जो घणसोलीपासून नेरूळपर्यंत
डांबराखाली गडप झालेली व्हॉल्व्हची झाकणं शोधत हिंडला,
आणि दर उन्हाळ्यात ज्यानं
रस्तेवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या.

आधी सीट, मग हँडब्रेक,
मग एकशे बारा रिवेट ड्रिलनं उडवायचे,
तेव्हा कुठे तो बोल्ट दिसणार.
एका गळतीसाठी अख्खा सेक्टर खोदायचा, तसं.

पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन बसलो.
चार खिडक्या आखल्या, बोल्टागणिक एक:
बोगद्याची चाळण.
मग एकच मोठी आखली: कणाच निघून गेला.
पातळ पत्रा, पण ओझं तोही उचलत असतो.
पुठ्ठा संपला. घरी आलो, ऐरोलीला.

जेवताना आमटीच्या डावाचा दांडा पलीकडे होता.
मी ताटावरून वाकलो, बाहीला आमटी लागली.
वैजयंतीनं नुसतं पातेलं फिरवलं.
दांडा माझ्या हाताशी आला.

अरे.
शाफ्ट फिरतो की!
फिरण्यासाठीच तर असतो तो.
एक खिडकी पुरे. बोल्टच येतील तिच्यापाशी,
रेशनच्या रांगेतून यावेत तसे, आपापल्या पाळीनं.

तळहात, तेरा नंबरचा पाना,
पान्याला हलायला साठ अंशांची जागा:
एवढंच तिचं माप.
कोपरे गोल, कारण चीर निघते ती कोपऱ्यातून.
कडेला दुहेरी पट्टी, झाकणाखाली रबर, सहा स्क्रू.
जागा डाव्या सीटच्या अंगाला, कमरेपाशी.

"म्हणजे माझ्या कमरेपाशी," वैजयंती म्हणाली.
त्या सीटवर ती बसणार आहे
हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

काल कापली खिडकी.
रिवेट गेले फक्त नऊ.
मी आत आडवा, खांदा सीटच्या जागेत दुमडून,
हाशा मागच्या नळीला छाती लावून उभा.

ढकल.
थांब. हँडब्रेक.
पहिला.

गाडी अर्धी वीत सरकते,
शाफ्ट पाव फेरा घेतो,
आणि काळोखातून पुढचा बोल्ट वर येतो
ग्रीसनं माखलेला, झोपेतून उठवल्यासारखा.

ढकल. थांब.
"आनखी किती?" हाशाचा घाम ठिबकताना ऐकू येत होता.
ढकल.

तीन वर्षांत गाडी पहिल्यांदा चालली
ती अशी: एकूण दीड वीत.

चौथ्याला वॉशर निसटला.
टिण्णकन वाजला, घरंगळला, गप्प झाला.
मी कोपरापर्यंत हात घातला, चाचपत राहिलो.
वॉशर काही सापडला नाही.
पेन्सिल सापडली, दोन वर्षांपूर्वी हरवलेली,
हाशाच्या पोराच्या कंपासातली,
जिच्यानं मी हा बोगदा आखला होता.